पन्नास सीसीची अट आणि अकरावीतली मुले

दहावीचा निकाल लागला की घराघरांत दोन विषय निघतात. कॉलेज कुठले घ्यायचे आणि जायचे-यायचे कशाने. पहिल्यासाठी कटऑफच्या याद्या चाळल्या जातात. दुसऱ्यासाठी बहुतेक वेळा आईची नाहीतर बाबांची स्कूटर पुढे येते. मुलगा किंवा मुलगी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची असते आणि स्कूटर शंभर सीसीच्या वरची. ती रस्त्यावर काढायला अठरा पूर्ण लागतात हे घरात ठाऊक असते किंवा नसते. क्लासची बॅच सकाळी साडेसहाला सुरू होते, हे मात्र पक्के ठाऊक असते.

किशोरवयीन मुलांना पहिले लायसन्स कधी, कसे आणि किती शिकल्यावर द्यावे, यावर आपल्याकडे अधूनमधून बोलले जाते. मे 2024 मध्ये पुण्यातल्या कल्याणीनगरचा अपघात झाला आणि त्या बोलण्याला धार आली. पण चर्चेचा सगळा भर वयावर राहिला. लायसन्स देताना नेमके काय तपासले जाते आणि त्याआधी मूल कुणाकडून काय शिकते, हा भाग मागे पडला. या वादात आज कोण काय म्हणते आणि काय अनिर्णित आहे, ते इथे क्रमाने पाहू.

कायदा इथवर कसा आला

आजचा मोटार वाहन कायदा 1988 चा आहे आणि तो 1 जुलै 1989 पासून लागू झाला. त्याचे कलम 4 सांगते की अठरा वर्षांखालच्या व्यक्तीने सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालवू नये. प्रवासी किंवा माल वाहतुकीच्या गाडीसाठी ही मर्यादा वीस वर्षांची आहे. याच कलमात एक सवलत आहे: सोळा पूर्ण झालेल्यांना विशिष्ट दुचाकी चालवता येते. मूळ कायद्यात ही सवलत ‘गिअर नसलेल्या’ दुचाकीला होती. 1994 च्या दुरुस्तीने ती ‘इंजिनाची क्षमता 50 सीसीपेक्षा जास्त नसलेल्या’ दुचाकीपुरती केली.

त्या काळात ही अट पोकळ नव्हती. कायनेटिकची लुना 1972 साली आली आणि ती 50 सीसीचीच होती. 1980 मध्ये टीव्हीएस 50 आली. पेडल मारून सुरू होणाऱ्या, घाटात धापा टाकणाऱ्या या गाड्यांवर मध्यमवर्गातल्या एका पिढीने दुचाकी शिकून घेतली. सोळाव्या वर्षी लुनाचे लायसन्स आणि अठराव्या वर्षी मोठ्या गाडीचे, ही चढण कायद्याने सहेतुक आखली असो वा नसो, व्यवहारात ती होती.

मग बाजार पुढे गेला. सनी आणि स्कूटी 60 सीसीच्या आसपास आल्या, म्हणजे कायद्याच्या रेषेच्या जराशा पलीकडे. 2000 नंतर अ‍ॅक्टिव्हा आणि तिच्या जोडीच्या 100 ते 125 सीसीच्या स्कूटरांनी शहरे व्यापली. प्रदूषणाचे निकष कडक होत गेले, बीएस-6 एप्रिल 2020 मध्ये लागू झाले, आणि 50 सीसीची पेट्रोल गाडी शोरूममधून जवळपास नाहीशी झाली. कायद्यातली सवलत मात्र आहे तिथेच राहिली. आज सोळा वर्षांच्या मुलाला कायदेशीर लायसन्स मिळू शकते. त्या लायसन्सवर चालवता येईल अशी पेट्रोलची गाडी बाजारात मिळणे मुश्कील आहे.

यातून एक गोंधळ झाला, आणि तो शिकल्यासवरल्या घरांतही दिसतो. परवान्यावर वाहनाचा वर्ग ‘विनागिअर मोटरसायकल’ असा छापलेला असतो आणि अ‍ॅक्टिव्हालाही गिअर नसतो. तेव्हा सोळाव्या वर्षी काढलेले लायसन्स त्या स्कूटरला चालते, असा सोयीचा समज होतो. तो चुकीचा आहे. अठरा होईपर्यंत 50 सीसीची मर्यादा सुटत नाही.

लायसन्स हातात पडते कसे

पहिली पायरी म्हणजे शिकाऊ परवाना, बोलीभाषेत लर्निंग किंवा कच्चे लायसन्स. अर्जदार अठराच्या आतला असेल तर पालकांची लेखी संमती लागते. प्रकृतीबद्दल स्वतःच घोषणापत्र भरायचे असते; डॉक्टरच्या दाखल्याची सक्ती चाळिशीनंतर किंवा व्यावसायिक परवान्याला आहे. मग संगणकावर वाहतुकीची चिन्हे आणि नियम यांवरची परीक्षा: पंधरा प्रश्न, नऊ बरोबर आले की पास. महाराष्ट्रात जून 2021 पासून आधारच्या आधारे ही परीक्षा घरी बसूनही देता येते. आरटीओतली रांग त्यामुळे संपली, हे खरेच. पण स्क्रीनसमोर बसून उत्तरे नक्की कोण देतो, हा प्रश्न तेव्हापासून विचारला जातो. सायबर कॅफेत ‘लर्निंग काढून मिळेल’ अशी पाटी सहज दिसते. तिथे ‘काढून’ या शब्दात परीक्षाही धरलेली असते, असे समजायला वाव आहे.

शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि किमान तीस दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. केंद्रीय नियमांच्या नियम 3 नुसार मधल्या काळात शिकणाऱ्यासोबत परवानाधारक प्रशिक्षक हवा. गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ हवा. पाटी किमान अठरा सेंटिमीटर चौरस, अक्षर किमान दहा सेंटिमीटर उंच, इतक्या तपशिलाने नियम लिहिलेला आहे. दुचाकी शिकणाऱ्याने प्रशिक्षकाखेरीज कुणालाही मागे बसवायचे नाही.

चाचणीच्या दिवशी आरटीओच्या आवारात काय दिसते? स्कूटर रांगेत लागलेल्या असतात. कुणीतरी लाल चिकटपट्टीचे रीळ घेऊन फिरत असतो आणि हेडलाइटखाली दोन तुकड्यांचा ‘एल’ तिथल्या तिथे चिकटवून देतो. त्याआधीचे तीस दिवस ती गाडी बिनपाटीची होती, हे सगळ्यांना माहीत असते. जमिनीवर आठचा आकडा आखलेला असतो. पाय न टेकता त्यावरून फिरायचे, वळताना हात किंवा इंडिकेटर दाखवायचा, आणि मोटार वाहन निरीक्षकाने मान डोलावली की झाले. पाय टेकला तर पुन्हा यायचे. कारसाठी इंग्रजी ‘एच’ अक्षराच्या आखणीत गाडी मागे घेऊन दाखवावी लागते; काही ठिकाणी हे काम सेन्सर बसवलेल्या ट्रॅकवर होते, पुण्यात भोसरीजवळच्या आयडीटीआर या वाहनचालक प्रशिक्षण संस्थेत तसा ट्रॅक आहे. सगळा सरकारी खर्च हजाराच्या आत बसतो: शिकाऊ परवान्याला प्रत्येक वर्गामागे 150 रुपये, त्याच्या परीक्षेचे 50, वाहन चालवण्याच्या चाचणीचे 300 आणि परवान्याचे 200. एजंटाचा हिशेब वेगळा.

आठचा आकडा काढणाऱ्याला तोल सांभाळता येतो, हे नक्की कळते. बसच्या डाव्या बाजूने घुसू नये, पावसात पुढचा ब्रेक एकदम दाबू नये, उभ्या कारचे दार कधीही उघडेल हे धरून चालावे, यातले काहीही त्या आकड्यात येत नाही.

चाचणी आणि कौशल्य यांचा संबंध किती सैल असू शकतो, याचा भारतातला सर्वांत चर्चिला गेलेला पुरावा दिल्लीचा आहे. मारियान बर्ट्रांड, सिमियन जांकोव, रेमा हॅना आणि सेंधिल मुल्लैनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या 822 अर्जदारांवर प्रयोग केला आणि 2007 मध्ये तो प्रसिद्ध केला. एका गटाला लवकरात लवकर लायसन्स काढले तर बक्षीस कबूल केले होते, एका गटाला गाडी शिकण्याचे मोफत धडे दिले होते, तिसऱ्याला काहीच नाही. लायसन्स मिळालेल्यांपैकी सुमारे 71 टक्के लोकांनी चाचणी दिलीच नव्हती. नंतर स्वतंत्रपणे तपासले तेव्हा 62 टक्के गाडी चालवण्यास अपात्र ठरले. ज्यांना घाई होती ते एजंटाकडे गेले आणि न शिकताच लायसन्स घेऊन आले. हा अभ्यास प्रौढांचा आहे आणि वीस वर्षांपूर्वीच्या दिल्लीचा आहे. ऑनलाइन अर्ज आणि सेन्सरचे ट्रॅक त्यानंतर आले. तरीही ‘लायसन्स म्हणजे चालवता येते’ हे गृहीतक तपासून घ्यावे, एवढे त्याने दाखवून दिले.

वय कमी करावे का, वाढवावे का

वयाच्या बाबतीत तीन भूमिका दिसतात.

पहिली म्हणते, सोळाव्या वर्षी परवानगी हवीच आणि ती आजच्या गाड्यांना लागू व्हावी. यामागे केवळ हौस नाही. ग्रामीण महाराष्ट्रात माध्यमिक शाळा गावात असते, पण कनिष्ठ महाविद्यालय तालुक्याला. एसटीचा पास मिळतो, मुलींना तर मोफत, पण गाडी सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. प्रॅक्टिकल लांबले की शेवटची बस हुकते. घरातल्या मुलाने दुधाची किटली अडकवून डेअरीवर जाणे, वडिलांना शेतात डबा पोहोचवणे, हे तर रोजचेच. अशा ठिकाणी अठराची अट पाळली जात नाही आणि पाळली जाईल अशी अपेक्षाही कुणी करत नाही. मग ही मुले कायद्याबाहेर, विम्याबाहेर आणि प्रशिक्षणाबाहेर चालवत राहण्यापेक्षा त्यांना कायद्यात आणा, असा हा युक्तिवाद आहे.

दुसरी भूमिका उलट टोकाची: अठरासुद्धा कमीच आहे, निदान ताकदवान गाड्यांना. 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 जणांचा जीव गेला आणि त्यातले सुमारे 44.5 टक्के दुचाकीवरचे होते. आपली मुले पहिल्यांदा बसतात ती याच सर्वांत जास्त बळी घेणाऱ्या वाहनावर. जगभरचे अभ्यास सांगतात की नवा चालक एकट्याने गाडी काढू लागतो ते पहिले काही महिने सर्वांत धोक्याचे असतात. त्या महिन्यांना पौगंडावस्थेतल्या बेफिकिरीची जोड कशाला द्यायची, असे या बाजूचे म्हणणे.

तिसरी भूमिका वाहतूक शाखेतल्या बऱ्याच अधिकाऱ्यांच्या बोलण्यात येते: वय आहे तेच ठेवा, आधी अंमलबजावणी करा. ऐकायला ही सर्वांत समंजस वाटते. फक्त अंमलबजावणी म्हणजे कॉलेजच्या फाटकावर अधूनमधून लावलेली नाकाबंदी, आणि त्या दिवशी मुले गाडी गल्लीत लावून चालत येतात.

शिक्षा कुणाला

2019 च्या दुरुस्तीने कलम 199 अ आणले आणि वादाचा रोख मुलाकडून पालकाकडे वळला. अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत शिकाऊ परवानाही नाही. आपल्याला माहीत नव्हते किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे पालकाने सिद्ध केले तर सुटका होऊ शकते. मुलाकडे शिकाऊ परवाना असेल आणि तो त्यात बसणारीच गाडी चालवत असेल, तर पालकावर हे कलम लागत नाही. विनापरवाना गाडी चालवणे आणि विनापरवाना माणसाला ती देणे, दोन्हींचा दंड 5,000 रुपये झाला. महाराष्ट्राने वाढीव तडजोड दंड लगेच स्वीकारले नाहीत. ते डिसेंबर 2021 मध्ये लागू झाले.

19 मे 2024 च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये एका सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्श गाडीखाली दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. बाल न्याय मंडळाने तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह जामीन दिला आणि देशभर संताप उसळला. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपापर्यंत प्रकरण गेले. या लेखापुरता त्यातला मुद्दा वेगळा आहे. ते प्रकरण श्रीमंती, दारू आणि यंत्रणा यांच्याबद्दल बरेच काही सांगते. अकरावीतल्या सर्वसामान्य मुलाच्या पहिल्या लायसन्सबद्दल फार थोडे. तरी त्यानंतरची सगळी धोरणचर्चा त्याच चौकटीत झाली.

कलम 199 अ बद्दल मतभेद खरे आहेत. समर्थक म्हणतात, किल्ली पालकांच्या हातात असते, तेव्हा जबाबदारीही त्यांचीच. टीकाकारांचे दोन आक्षेप आहेत. एक, दोष गृहीत धरून तो खोडण्याचा भार आरोपीवर टाकणे फौजदारी न्यायाच्या नेहमीच्या रीतीत बसत नाही. दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो: पंचविशीपर्यंत लायसन्सच नाही म्हटल्यावर तो तरुण आठ-नऊ वर्षे गाडीला हात लावणार नाही, की लायसन्सशिवाय चालवत राहील? नोकरीला लागलेल्या बाविशीतल्या मुलाला शिकण्याचा आणि पुन्हा तपासले जाण्याचा मार्गच बंद होतो.

कैदेपेक्षा पालकांना जवळची असलेली एक गोष्ट मात्र चर्चेत क्वचित येते. चालक विनापरवाना असल्यास विमा कंपनी जखमीला भरपाई देऊन ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करू शकते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2004 च्या स्वर्णसिंग निकालानंतर या मार्गाची चौकट बरीच स्पष्ट झाली. अपघात दावा न्यायाधिकरणातली रक्कम लाखांत जाते. 5,000 च्या दंडाची भीती घातली जाते, या रकमेबद्दल कुणी सांगत नाही.

पायरीपायरीने परवाना: बाहेरचे अनुभव

न्यूझीलंडने 1987 मध्ये टप्प्याटप्प्याच्या परवान्याची पद्धत सुरू केली. आधी सोबतीने शिकायचे, मग काही बंधनांसह एकट्याने चालवायचे, शेवटी पूर्ण मुभा. अमेरिकेत फ्लोरिडाने 1996 मध्ये ती घेतली आणि नंतर तिथली सगळी राज्ये कोणत्या ना कोणत्या रूपात त्या वाटेने गेली. कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांना ही पद्धत तोंडपाठ असते: साडेपंधराव्या वर्षी परमिट, ते किमान सहा महिने ठेवायचे, पन्नास तास मोठ्या माणसासोबत सराव, त्यातले दहा रात्रीचे. लायसन्स मिळाल्यावर पहिले वर्षभर रात्री अकरा ते पहाटे पाच एकट्याने गाडी काढायची नाही आणि विशीच्या आतल्या मित्रांना बसवायचे नाही. शेवटच्या अटीमागे आधार आहे. 2000 साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या अभ्यासात दिसले की सोळा-सतरा वर्षांच्या चालकाचा मृत्यूचा धोका गाडीतल्या प्रवाशांबरोबर वाढत जातो. ट्रिपल सीट कॉलेजला निघालेल्या मुलांना हे वेगळे सांगायला नको.

जर्मनीने निराळा मार्ग घेतला. सतराव्या वर्षी लायसन्स मिळते, पण अठरा होईपर्यंत शेजारी अनुभवी माणूस हवा. 2004 मध्ये लोअर सॅक्सनीत प्रयोग झाला आणि 2011 पासून तो देशभर कायम झाला. जपानमध्ये 1980 च्या दशकात शाळांनी ‘लायसन्स काढू नका, मोटरसायकल घेऊ नका, चालवू नका’ अशी मोहीम चालवली. पुढे सायतामा प्रांताने ती सोडली आणि विद्यार्थ्यांना सुरक्षित चालवण्याचे शिक्षण देण्याकडे मोर्चा वळवला.

ही पद्धत निर्विवाद आहे असेही नाही. 2011 मध्ये ‘जामा’मध्येच आलेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात कडक नियमांच्या राज्यांत सोळा वर्षांच्या चालकांचे जीवघेणे अपघात कमी आढळले, पण अठरा वर्षांच्यांचे वाढलेले. तिथल्या कडक पायऱ्या अठरानंतर लागू होत नसल्याने काही मुले तोवर थांबतात आणि सोबतीच्या सरावाशिवाय थेट रस्त्यावर येतात, असा एक अंदाज. धोका कमी झाला की नुसता दोन वर्षे पुढे ढकलला गेला, यावर अजून वाद आहे. आपल्याकडे व्यवहारात अठरा हेच पहिले वय असल्याने तो वाद आपल्याला थेट लागू पडतो.

मागे बसलेला गुरू

परदेशी पद्धती इथे आणाव्यात म्हणणाऱ्यांकडून एक अडचण सुटून जाते. त्या बहुतेक कारसाठी घडलेल्या आहेत. शेजारच्या सीटवर आई बसते, वेळ पडली तर हँडब्रेक ओढते. आपल्याकडचे पहिले वाहन दुचाकी. मागे बसलेल्या बाबांच्या हाताशी ना ब्रेक ना हँडल. त्यांच्या वजनाने नवख्याचा तोल उलट बिघडतो. त्यामुळे शिकवण्याचे काम मैदानात दोन संध्याकाळी कॅरियर धरून धावण्यात संपते आणि खरे शिक्षण एकट्याने, वाहत्या रस्त्यावर होते.

ड्रायव्हिंग स्कूल हा त्यावर उपाय ठरू शकला असता. जुलै 2021 पासून मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचे नियम लागू आहेत. हलक्या वाहनासाठी जास्तीत जास्त चार आठवड्यांत 29 तास, त्यातले आठ वर्गातले आणि एकवीस प्रत्यक्ष चालवण्याचे. असे केंद्र उत्तीर्ण करील त्याला आरटीओच्या चाचणीतून सूट. कारच्या शिक्षणाबाबत ही उडी मोठी आहे. सूट देणारे खासगी केंद्र आणि एजंट यांच्यातली सीमा किती पक्की राहील, ही शंका रास्त असली तरी. पण गल्लीतल्या स्कूलला दुचाकीचे शिक्षण परवडत नाही आणि पालकांना त्यासाठी पैसे देणे पटत नाही. स्कूटर काय, आपोआप येते, असेच सगळे धरून चालतात.

विजेची स्कूटर आणि पुढचा मसुदा

बाजाराने सोडलेली 50 सीसीची जागा आता विजेवरच्या गाड्यांनी व्यापली आहे. मोटरची शक्ती 250 वॅटच्या आत, वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन 60 किलोच्या आत असेल, तर नियमांच्या दृष्टीने ते मोटार वाहनच नाही. लायसन्स नको, नंबर प्लेट नको. बारा-तेरा वर्षांची मुलेही त्या चालवताना दिसतात. कागदावर 250 वॅट आणि रस्त्यावर ताशी चाळीस, अशा फेरफार केलेल्या गाड्यांविरुद्ध महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने 2022 मध्ये मोहीम काढली होती. पण नोंदणीच नसलेल्या गाडीचा वेग वाढवला आहे हे पोलिसाने रस्त्यावर ओळखायचे कसे, हे अजून ठरलेले नाही.

सोळा ते अठरा वयाच्या मुलांना गिअर नसलेल्या इलेक्ट्रिक स्कूटर चालवू देण्याचा विचार केंद्राने 2018 मध्येच बोलून दाखवला होता. 2024 मध्ये पुढे आलेल्या प्रस्तावित दुरुस्त्यांत तो अधिक नेमका झाला: 50 सीसीच्या जोडीला 1500 वॅटपर्यंतची मोटर, कमाल वेग ताशी 25. यातला फायदा उघड आहे. परवाना आला की नोंदणी येते, विमा येतो, आणि सोळाव्या वर्षी कायदेशीरपणे शिकण्याची ती हरवलेली पायरी परत मिळते. त्या पायरीवर मुलाला कोण आणि किती तास शिकवणार, हा प्रश्न तरीही उरतो. वेगाचाही प्रश्न आहे. पुणे-नाशिक रस्त्यावर किंवा मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेने ताशी 25 ने जाणाऱ्या स्कूटरला मागचा डंपर किती जागा देईल? आणि दोन वर्षांत निरुपयोगी होणाऱ्या अशा गाडीवर घरचे लोक पैसे घालतील, की दारात उभी असलेली अ‍ॅक्टिव्हाच पुन्हा पुढे करतील?